कोरड्या पात्राची मोजणी: येरळाकाठच्या क्षेत्रभेटीसाठी

नदीचा अभ्यास म्हटलं की आमच्या मुलांच्या डोळ्यांपुढे कृष्णा येते. रुंद पात्र, दगडी घाट, बारा महिने पाणी. पण सांगली जिल्ह्यात विट्याच्या बाजूला नदी म्हणजे येरळा, आणि ती वर्षातले बरेच महिने कोरडी असते. मी या भागात अकरावी-बारावीला भूगोल शिकवते. दरवर्षी नवी तुकडी आली की कुणीतरी हमखास विचारतं, "मॅडम, पाणीच नाही, तर मोजायचं काय?" मला हा प्रश्न आवडतो, कारण त्याचं उत्तर पात्रात उतरल्यावरच मिळतं. भरल्या कृष्णेचा तळ कुणाला दिसत नाही. कोरड्या येरळेत तळ, दोन्ही दरडी, गोट्यांची रास, पुराची रेघ (पुराचं पाणी जिथवर चढलं त्याची खूण), सगळं उघड्यावर असतं. पाण्यानं जे जे केलं ते हात लावून बघता येतं.

दहावीच्या भूगोलाच्या पुस्तकात पहिलाच पाठ क्षेत्रभेटीचा आहे. तरीही पुष्कळ ठिकाणी क्षेत्रभेट म्हणजे सहल, डबा, ग्रुप फोटो आणि नंतर कुणाच्या तरी जुन्या वहीवरून उतरवलेला अहवाल, एवढंच उरतं. ज्यांना खरंच नदीत उतरायचंय अशा विद्यार्थ्यांसाठी आणि शिक्षकांसाठी हे लिहिते आहे. उदाहरणं येरळेची आहेत, पण अग्रणी, माणगंगा, वासना, तिळगंगा किंवा गावामागचा एखादा मोठा ओढा, कुठेही हे असंच करता येईल.

आधी नदीची ओळख

येरळा खटाव तालुक्याच्या उत्तरेकडच्या डोंगरात उगम पावते. ब्रिटिश काळातला नेर तलाव, पुसेगाव, खटाव, वडूज, येरळवाडीचं धरण असं करत ती दक्षिणेला सांगली जिल्ह्यात येते आणि सांगलीच्या वरच्या अंगाला ब्रह्मनाळला कृष्णेला मिळते. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरला वर्षाला सुमारे ६,००० मिलिमीटर पाऊस पडतो. खटाव-माण भागात तो ५०० मिलिमीटरच्या आसपास येतो. दोन्ही ठिकाणं एकाच सातारा जिल्ह्यात आहेत. पर्जन्यछायेचा प्रदेश हा शब्द पाठ करण्यापेक्षा हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहा.

हा थोडा पाऊसही सारखा पडत नाही. आमच्याकडे आषाढ बहुतेक वाऱ्यातच जातो, आणि जोराचा पाऊस उत्तरा-हस्ताच्या सुमाराला, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात येतो. त्यामुळे नदी अचानक भरते, दोन-तीन दिवस गढूळ होऊन धावते आणि लगेच उतरते. पात्रात जे काही दिसतं ते बहुतांशी या थोड्या दिवसांचं काम असतं. हे डोक्यात ठेवलं नाही तर एवढ्याशा धारेनं एवढे मोठे गोटे कसे आणले, हे कोडं सुटत नाही.

खडक सगळा बेसाल्टचा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर एकावर एक बसलेले. कुठे घट्ट काळा कातळ, कुठे पांढऱ्या खड्यांनी भरलेल्या पोकळ्यांचा ठिसूळ दगड, कुठे दोन थरांच्या मधे विटेसारखी तांबडी माती. घट्ट थर आला की पात्रात पायरी आणि खाली डोह, ठिसूळ थर आला की पात्र पसरट. उन्हाळ्यात पात्रातून चालत गेलात तर पायांनाच हा फरक कळतो.

कधी जायचं, कुठे जायचं

शक्य असेल तर दोनदा जा. एकदा दसरा-दिवाळीच्या मधे, पाऊस थांबून नदी निवळ झाल्यावर, आणि एकदा फेब्रुवारी-मार्चमध्ये, पात्र कोरडं असताना. एकदाच जाणं शक्य असेल तर मी कोरडी वेळ निवडेन. पावसाळ्यात जाऊ नका. वर डोंगरात पडलेला पाऊस तुमच्या गावाला आभाळ स्वच्छ असतानाही खाली येतो.

उगमापासून संगमापर्यंत सगळी नदी एका दिवसात करण्याचा मोह टाळा. जीपमध्ये बसून पाच पुलांवर पाच फोटो काढण्यात दिवस जातो. दोन-तीन किलोमीटरचा पट्टा घ्या आणि त्यात तीन जागा ठरवा: एक सरळ वाहणारा भाग, एक वळण आणि एक कोल्हापुरी बंधाऱ्याचा वरचा-खालचा भाग. या तीन जागा नीट मोजल्या तर एका दिवसाला पुरून उरतात. मोठा गट असेल, गाडी असेल आणि दोन दिवस हाताशी असतील, तर एक जागा नेर तलावाच्या वर, एक विट्याच्या बाजूला आणि एक ब्रह्मनाळजवळ घेऊन बघा. उगमाकडचा ओढा आणि संगमाजवळचं खोल मातीचं पात्र एकाच नदीचं आहे यावर मुलांचा विश्वास बसत नाही.

घरून निघण्याआधी स्थलनिर्देशक नकाशा बघा. हा भाग मुख्यतः ४७ के या शीटमध्ये येतो. १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर एक किलोमीटर, आणि समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, उंचीतल्या २० मीटरच्या अंतरानं. पाणी असलेला प्रवाह निळा आणि कोरडं पात्र काळ्या रेषांनी दाखवलेलं असतं. काठाशी कुठे '३r' असं लिहिलेलं दिसलं तर तिथली दरड आसपासच्या सपाटीपासून तीन मीटरची आहे असं समजा. जागेवर जाऊन ती दरड मोजा आणि नकाशाशी ताडून पाहा.

नकाशावर दोन कामं करून घ्या. निवडलेल्या पट्ट्यात डाव्या-उजव्या बाजूनं किती ओढे मिळतात ते मोजा. आणि नदीच्या रेषेवर दोरा ठेवून तिची वळणांसह लांबी काढा, मग त्याच दोन टोकांमधलं सरळ अंतर काढा. पहिलीला दुसऱ्यानं भागलं की नागमोडीपणा मिळतो. उत्तर १.५ च्या वर गेलं तर नदी नागमोडी मानतात. गुगल अर्थवर जुन्या वर्षांची छायाचित्रं उघडून पाहा, वाळूचे पट्टे कुठून कुठे गेले ते कळेल.

सोबत काय न्यायचं

महागडं काही लागत नाही. तीस किंवा पन्नास मीटरची टेप. दर मीटरला लाल चिंधी बांधलेली नायलॉनची दोरी. सेंटिमीटरच्या खुणा रंगवलेले दोन सरळ बांबू. गवंडी भिंतीची पातळी काढायला वापरतो ती पारदर्शक नळी, साधारण दहा-बारा मीटरची. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतून मागून आणलेला व्हर्नियर कॅलिपर, नसेल तर स्टीलची पट्टी. पाणी वाहतं असेल तर दोन-तीन संत्री. कोऱ्या पानांची वही आणि पेन्सिल. पेन नको, ओल्या हातानं शाई पसरते. पायात बंद बूट हवेत. चप्पल घालून आलेल्याला मी पात्रात उतरू देत नाही. उन्हात तापलेल्या दगडांखाली फुरसं असू शकतं आणि ते चटकन दिसत नाही.

सुरक्षेचं आणखी थोडं इथेच सांगते. वाळू काढून झालेले खड्डे पाण्यानं भरले की वरून उथळ दिसतात आणि आत एकदम खोल असतात. अशा खड्ड्यात कुणीही उतरायचं नाही, पोहता येत असलं तरी नाही. बंधाऱ्याच्या बर्ग्यांवरून, म्हणजे पाणी अडवायला घातलेल्या फळ्यांवरून, चालायचं नाही. उभ्या दरडीच्या अगदी खाली बसून काम करायचं नाही, काळी माती भेगाळून न सांगता सुटते. आदल्या दिवशी ग्रामपंचायतीत आणि पोलीस पाटलांना कल्पना द्या. पात्रात वाळूच्या गाड्या भरताना दिसल्या तर फोटो काढत थांबू नका, सरळ दुसऱ्या जागेकडे निघा. मुलांची सुरक्षा आधी.

पोचल्यावर पहिला अर्धा तास

टेप पिशवीतच राहू द्या. सगळ्यांनी प्रवाहाच्या दिशेनं, म्हणजे पाणी जिकडे जातं तिकडे तोंड करून उभं राहायचं. आता डाव्या हाताचा काठ तो डावा काठ आणि उजव्या हाताचा तो उजवा. हे आधी पक्कं केलं नाही तर संध्याकाळी निम्म्या वह्यांत काठ उलटे निघतात.

मग प्रत्येकानं एक रेखाचित्र काढायचं. फोटो आधी काढू नका. रेखाचित्र काढताना डोळ्याला निवड करावी लागते, काय महत्त्वाचं ते ठरवावं लागतं. दरड कुठली उभी, कुठली उतरती, वाळूचा पट्टा कुठे, कातळ कुठे उघडा, झाडं कुठपर्यंत आली आहेत, हे सगळं त्यात यावं. काठावर करंज, उंबर असतील तर काठ बराच काळ स्थिर आहे असं समजायला जागा आहे. पात्राच्या मधोमधच वेडी बाभूळ माजली असेल, तर त्या जागी मोठा लोंढा बऱ्याच दिवसांत गेलेला नाही. बेशरम आणि पाणकणीस दिसले की तिथे पाणी तुंबतं, ओल टिकते.

फोटो नंतर काढा, आणि प्रत्येक फोटोत मोजपट्टी किंवा बांबू उभा ठेवा. प्रमाण नसलेला दगडाचा फोटो अहवालात कामाचा नाही.

आडवा छेद

आडवा छेद म्हणजे नदी या काठापासून त्या काठापर्यंत आडवी कापली तर तिचा तळ आणि दरडी जशा दिसतील ते चित्र. हे सगळ्यात महत्त्वाचं काम, म्हणून यावर वेळ घालवा.

दोन्ही काठांवर, पुराच्या रेघेच्या वर, एकेक खुंटी ठोका. दोघांच्या मधे चिंध्या बांधलेली दोरी ताणून बांधा. दोरीची दोन्ही टोकं एका पातळीत आहेत की नाही ते बघायला गवंड्याची नळी वापरा. काठ एकमेकांपासून लांब असतील तर नळी पुरत नाही. मग टप्प्याटप्प्यानं, मधल्या बांबूंवर खूण करत पातळी पुढे न्या. पात्र रुंद असेल तर दोरीला मधे झोळ पडतो, म्हणून मधे एक-दोन बांबू उभे करून दोरी उचलून धरा.

आता डाव्या काठापासून सुरुवात करून दर मीटरला दोरीपासून तळापर्यंतचं उभं अंतर मोजा. बांबू ओळंब्यासारखा सरळ हवा, तिरका झाला तर अंतर जास्त येतं. जिथे उतार एकदम बदलतो तिथे मीटर पूर्ण होण्याची वाट न बघता जादा माप घ्या. आणि प्रत्येक मापाशेजारी एक शब्द लिहा: वाळू, गोटे, कातळ, गाळ, गवत. मुलांना हा शब्द लिहिण्याचा कंटाळा येतो, पण नंतर सगळं स्पष्टीकरण त्याच रकान्यातून निघतं.

आलेख काढताना आडवं प्रमाण एक सेंटिमीटरला दोन मीटर आणि उभं प्रमाण एक सेंटिमीटरला अर्धा मीटर ठेवलं तर चित्र वाचता येतं. मात्र उभी मापं चौपट ताणली आहेत हे आलेखाखाली लिहा. नाहीतर बघणाऱ्याला येरळा म्हणजे घळ वाटेल.

वळणावरचा छेद सरळ भागाच्या छेदाशेजारी ठेवला की फरक आपोआप दिसतो. वळणाच्या बाहेरच्या बाजूला पाणी आदळतं, काठ खातं, तिथे उभी दरड आणि पायथ्याशी डोह. आतल्या बाजूला वेग कमी, म्हणून वाळू-गोटे टाकत टाकत तयार झालेला मंद उतार. पुस्तकात हे एका वाक्यात असतं. इथे तुमच्याच मापांतून ते वर येतं, आणि ज्यानं बांबू धरलेला असतो तो ते विसरत नाही.

बाहेरची दरड जरा लांबून नीट वाचा. वरून खाली थर कसे बदलतात ते लिहा. बहुतेक ठिकाणी वर काळी माती, तिच्यात खाली खाली चुनखडीचे पांढरे खडे, मग कुठेतरी गोट्यांचा एखादा पट्टा. आजच्या तळापेक्षा दीड-दोन मीटर उंचावर गोट्यांचा थर सापडला, तर कधीकाळी नदीचा तळ तिथे होता. नदीनं त्यानंतर स्वतःला खाली खोदून घेतलं. माझ्या मते वर्गात शिकवता न येणारी एक गोष्ट निवडायची झाली तर ती हीच.

उतार

त्याच नळीनं पात्राचा उतारही काढता येतो. पात्राच्या मध्यरेषेवर दोन मुलं बांबू घेऊन नळीच्या लांबीइतक्या अंतरावर उभी राहतात. नळीतलं पाणी स्थिर झालं की दोन्ही बांबूंवरची पाण्याची उंची वाचायची. त्यांच्यातला फरक म्हणजे तेवढ्या अंतरातला उतार. असं करत शंभर मीटर पुढे जा आणि फरकांची बेरीज करा. शंभर मीटरला वीस सेंटिमीटर आला तर उतार ०.००२. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर माप चुकतं, म्हणून आधी ती नीट भरून घ्या.

गोटे

छेदाच्या रेषेवरून पाऊल-पाऊल चालायचं. प्रत्येक पावलाला मान वर ठेवून, खाली न बघता, बोटाला जो पहिला दगड लागेल तो उचलायचा. बघून उचलला की हात आपोआप गुळगुळीत, सुंदर दगडाकडे जातो आणि मग नमुना खोटा ठरतो. निदान पन्नास दगड घ्या, शंभर झाले तर उत्तम. ही शंभर दगडांची पद्धत अमेरिकेतल्या वोलमन यांनी १९५४ साली मांडली आणि आजही जगभर वापरली जाते.

प्रत्येक दगडाच्या तीन लांब्या मोजा: सगळ्यात लांब, मधली आणि सगळ्यात आखूड. आकारासाठी मधली धरायची. सगळे आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत लावा आणि बरोबर मधला काढा. सरासरीपेक्षा हा मध्यक जास्त विश्वासाचा, कारण एखाद्याच धोंड्यानं सरासरी फुगते. मग दगड किती गोल झालाय ते ठरवा. अतिशय टोकदार ते पूर्ण गोल अशा सहा पायऱ्यांचा तक्ता वापरतात. दोन मुलांनी एकमेकांचं न बघता दगडाला पायरी द्यावी आणि मग ताडून पाहावी.

दगड कुठला तेही लिहा. घट्ट काळा बेसाल्ट, पांढऱ्या ठिपक्यांचा बेसाल्ट, गारगोटी, कधी एखादा अकीक. आणि विटेचे, काँक्रीटचे, फरशीचे तुकडे लागले तर तेही मोजा, फेकून देऊ नका. शंभरातले बारा तुकडे माणसानं टाकलेले निघाले, तर ती या नदीची आजची खरी माहिती आहे.

एक गोष्ट जाता जाता बघा. चपटे गोटे पात्रात आडवे पडलेले नसतात. मंगलोरी कौलांसारखे ते एकमेकांवर रेललेले असतात, आणि त्यांचा उतार वरच्या अंगाला, पाणी येतं त्या बाजूला असतो. पाण्याचा एक थेंब नसतानाही नदी कुठल्या दिशेला वाहते ते यावरून सांगता येतं. मुलांना डोळ्यांवर रुमाल बांधून चालवत न्या, मग रुमाल सोडून विचारा, नदी कुठून कुठे जाते?

पाणी वाहत असेल तर

सरळ भागात दहा मीटरचं अंतर आखा. वरच्या टोकाला संत्रं सोडा. ते अर्धं बुडून तरंगतं, त्यामुळे वारा त्याला फारसं ढकलत नाही आणि रंगामुळे दिसतंही. डावीकडून, मधून, उजवीकडून, असं प्रत्येकी तीन वेळा. समजा सरासरी पंचवीस सेकंद लागले, तर पृष्ठभागाचा वेग सेकंदाला ०.४ मीटर. तळाशी पाणी घासून हळू जातं, म्हणून याला ०.८५ नं गुणायचं, वेग ०.३४ झाला. पाण्याची रुंदी सहा मीटर आणि सरासरी खोली पाव मीटर असेल, तर छेदाचं क्षेत्रफळ दीड चौरस मीटर. वेग आणि क्षेत्रफळ यांचा गुणाकार म्हणजे विसर्ग: सेकंदाला ०.५१ घनमीटर, म्हणजे ५१० लिटर, साधारण १८ क्युसेक (सेकंदाला १८ घनफूट). रेडिओवर, पेपरात धरणाच्या विसर्गाचे आकडे येतात ते याच मापात. तो आकडा स्वतः काढल्यावर पेपरातली बातमी वेगळ्या नजरेनं वाचली जाते.

पण हे पाणी कुणाचं, हे विचारल्याशिवाय वही मिटू नका. कराडजवळ टेंभूला कृष्णेचं पाणी उचलून ते खानापूर, आटपाडी, कवठे महांकाळच्या बाजूला आणलं जातं. आवर्तन, म्हणजे ठरलेल्या पाळीनं कालव्यात पाणी सोडणं, सुरू झालं की कालव्याचं, शेतातून निचरून आलेलं पाणी ओढ्यांतून नदीत उतरतं. फेब्रुवारीत येरळेला धार दिसली म्हणजे खटावात पाऊस पडला असा अर्थ नाही. तुम्ही कदाचित महाबळेश्वरचा पाऊस मोजत असाल. कालव्याचं आवर्तन कधी सुटलं ते पाटबंधारे खात्याच्या चौकीवर किंवा काठच्या शेतकऱ्याला विचारून तारखेसह लिहा.

पाणी नसेल तर

मग पुराची रेघ शोधा. काठच्या बाभळींच्या फांद्यांत अडकलेलं गवत, काटक्या, प्लास्टिकच्या पिशव्या, चिंध्या. त्यांची उंची दोरीपासून मोजली की पुराच्या वेळी पाणी कुठपर्यंत होतं ते तुमच्या छेदावर काढता येतं. तीन-चार झाडांवर मोजा, एकाच झाडावर विसंबू नका. पुलाच्या खांबावरचा मातीचा डागही उपयोगी पडतो.

पदवीच्या विद्यार्थ्यांनी पुढे जाऊन मॅनिंगचं सूत्र लावावं. छेद, उतार आणि पात्राचा खडबडीतपणा यांवरून ते पाण्याचा वेग काढून देतं. पुराच्या रेघेखालचं क्षेत्रफळ समजा ८० चौरस मीटर आणि पाण्यानं भिजलेली कड, म्हणजे छेदावर पाणी तळाला आणि काठांना लागतं तेवढी लांबी, ४३ मीटर. भागाकार १.८६. याचा दोन-तृतीयांश घात सुमारे १.५१. उतार ०.००२ चं वर्गमूळ ०.०४४७. दोन्हींचा गुणाकार करून खडबडीतपणाच्या ०.०३५ या आकड्यानं भागलं की वेग सेकंदाला सुमारे १.९ मीटर आणि विसर्ग दीडशे घनमीटरच्या घरात. खडबडीतपणाचा आकडा अंदाजाचा असतो. पात्रात बाभळी माजल्या असतील तर तो वाढवावा लागतो. तो तुम्ही काय धरला आणि का धरला ते अहवालात लिहा.

कोरड्या पात्रातली दुसरी मोजणी वाळूखालच्या पाण्याची. आपल्याकडे बाया उन्हाळ्यात वाळूत झिरा काढून पिण्याचं पाणी भरायच्या, तेच करायचं. हातानं किंवा खुरप्यानं वाळू उकरा, ओल लागली की थांबा, पंधरा मिनिटांनी पाणी साठलं का बघा आणि वरपासूनची खोली मोजा. बंधाऱ्याच्या वर एक झिरा, खाली एक. वाळूचा थर जाड आहे तिथे पाणी वर लागतं. वाळू उपसून कातळ उघडा पडलाय तिथे झिरा निघतच नाही. जवळच्या विहिरीच्या मालकाला विचारून तिची पाणीपातळीही मोजा. काम झाल्यावर झिरा बुजवा, जनावराचा पाय अडकतो.

माणसाचं काम मोजा

कोल्हापुरी बंधाऱ्याला पावसाळा संपता संपता बर्गे घालतात आणि पुढच्या पावसाआधी काढतात. वरच्या बाजूला पाणी संथ होतं, गाळ बसतो, तळ उंचावतो. खाली येणारं पाणी गाळ टाकून हलकं झालेलं, म्हणून ते तळ खरवडतं. वर एक आणि खाली एक छेद घेतलात की हे मापात दिसतं. वर मऊ गाळ आणि पाणकणीस, खाली धोंडे आणि उघडा कातळ, मधलं अंतर शंभर पावलं.

शक्य असेल तर खानापूर तालुक्यात बलवडीजवळ येरळेवरचं बळीराजा स्मृती धरण मुलांना दाखवा. १९८० च्या दशकात दुष्काळ आणि वाळूउपसा यांच्याशी झगडताना मुक्ती संघर्ष चळवळ आणि गावकरी यांनी ते उभं केलं. पैशासाठी नदीतली थोडी वाळू गावानंच विकली, आणि पाणी सगळ्यांना समान मिळावं असा आग्रह धरला. वाळू कुणाची, पाणी कुणाचं, हा प्रश्न भूगोलाच्या वहीत यायला हवा असं मला मनापासून वाटतं. नदीचं पात्र फक्त पाण्यानं घडत नाही.

माणसांशी बोलताना वर्षं विचारू नका, सण विचारा. "किती साली नदी आटली?" याला उत्तर येत नाही. त्याऐवजी असं विचारा: "आजी, तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हा नदीला पाणी कुठवर असायचं?" मग आजी सांगतात, "शिमग्यापतूर धार असायची बघ. पोरं आंघुळीला जायची. आता दिवाळीलाच दगडं उघडी." पुसेगावच्या बाजूला असाल तर सेवागिरी महाराजांच्या यात्रेच्या वेळी नदीला पाणी असायचं का, ते विचारा. चार वाड्यांतल्या चार म्हाताऱ्या माणसांनी वेगवेगळं बसून एकच सण सांगितला, तर ती माहिती भक्कम. सण ठरला की त्याचा इंग्रजी महिना घाला आणि आजच्या स्थितीशेजारी लिहा. बोलणाऱ्याचं नाव वहीत नको, वय आणि व्यवसाय पुरे.

आकडे जुळत नाहीत तेव्हा

आता मुख्य गोष्ट. पुस्तक सांगतं की नदी खाली जाईल तसं पात्र रुंद होतं, खोली वाढते, विसर्ग वाढतो, गोटे लहान आणि गोल होतात. मुलं हे वाचून येतात आणि येरळेत मोजतात, तर तिसऱ्या जागेवर गोटे पहिल्यापेक्षा मोठे आणि टोकदार निघतात. विसर्ग खाली जाताना घटतो. मग काही जण संध्याकाळी आकडे हळूच बदलतात, आलेख सुरेख येतो, आणि अभ्यास तिथेच संपतो.

माझी कळकळीची विनंती आहे: मोजलेला आकडा खोडू नका. गोटे मोठे निघाले तर वर बघा, बहुतेक जवळच एखादा ओढा मिळालेला असतो आणि त्यानं डोंगरातले ताजे, न घासलेले दगड आणून टाकलेले असतात. किंवा वर बंधारा असतो आणि बारीक वाळू त्याच्यामागे अडकलेली असते. किंवा बारीक माल गाडीतून बांधकामावर गेलेला असतो. विसर्ग घटला तर पाणी वाळूत मुरलं, विहिरींनी, मोटारींनी उचललं किंवा बंधाऱ्यानं धरून ठेवलं. संगमाजवळ मोजमाप विचित्र आलं तर कृष्णेकडे बघा. कृष्णेला पूर आला की तिचं पाणी येरळेत मागे तुंबतं आणि तिथे बारीक गाळ बसतो. पुस्तकातला नियम पाण्याला मोकळं सोडलेल्या नदीचा आहे. तुमच्या नदीत तो कुठे मोडला आणि का मोडला, हे शोधणं हाच तुमचा अहवाल. ज्या वहीत एक आकडा पुस्तकाविरुद्ध गेलाय आणि त्याच्याखाली अर्धं पान कारण लिहिलंय, ती वही मी आधी वाचायला घेते.

अहवाल

प्रश्नानं सुरुवात करा. 'येरळा नदीचा अभ्यास' हा विषय फार ढोबळ आहे. 'बंधाऱ्यामुळे वरच्या आणि खालच्या पात्रातल्या गोट्यांच्या आकारात काय फरक पडला?' असा एक प्रश्न घ्या आणि सगळे तक्ते त्याच्याभोवती लावा. जागेचा आराखडा, छेद, गोट्यांचा तक्ता, लोकांकडून मिळालेली माहिती, आणि मग तुमचं म्हणणं. सर्वात शेवटी कुठलं माप कच्चं राहिलं ते लिहा: दोरीला झोळ होता, वारा होता, एक झाड काठावरून पडलेलं होतं. प्रस्तावनेत नदीचं माहात्म्य सांगणारं पान नको. तोंडी परीक्षेत परीक्षक बहुतेक एकच गोष्ट पाहतात, काम तुम्ही स्वतः केलं की नाही. 'नववं माप घेताना बांबू का हलवला' असं विचारलं तर ज्यानं मोजलं त्याला उत्तर माहीत असतं.

छेदाची जागा पुन्हा सापडेल अशी नोंद ठेवा. खुंट्या वाहून जातात, म्हणून पुलाचा खांब, मोठं उंबर किंवा विहिरीचा कठडा अशी टिकणारी खूण धरून तिथून अंतर आणि दिशा लिहा, मोबाइलवरचे अक्षांश-रेखांशही लिहा. मूळ मापांची पानं कॉलेजमध्ये ठेवा आणि एक झेरॉक्स ग्रामपंचायतीत द्या. पुढच्या वर्षीची तुकडी त्याच खुणेवर दोरी बांधेल, तेव्हा तिला फक्त आकडे नकोत, तुमचा तो शेजारचा रकानाही हवा: वाळू, गोटे, कातळ, गाळ, गवत.